दोर, चौकट आणि होकार : बांधलेल्या माणसाचा एक स्थानिक इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मंडळींनी भुवया उंचावल्या, असं संयोजकांनी आम्हाला सांगितलं. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. माणसाला दोराने बांधून अधांतरी धरायची, घडी घालून कुठेही नेता येणारी, भिंतीचा किंवा तुळईचा आधार न घेता स्वतःच्या पायांवर उभी राहणारी चौकट, हा काही व्याख्यानमालेचा नेहमीचा विषय नव्हे. आज अशा चौकटी जगात विकत मिळतात आणि प्रौढ माणसं आपापसांतल्या खाजगी सुखासाठी त्या वापरतात. ते ऐकल्यावर आपण म्हणतो, ही सगळी परदेशातली थेरं, आपला काय संबंध?

संबंध आहे. माणसाला बांधायची आणि टांगायची चौकट आपल्याकडे शेकडो वर्षं आहे. कधी ती सत्तेने उभी केली, कधी देवाच्या नावाने, तर कधी पोटासाठी. नगर जिल्ह्याच्या आणि आसपासच्या मातीत या सगळ्यांच्या खुणा सापडतात. त्या एकेक पाहाव्यात आणि प्रत्येक चौकटीला तेच तीन प्रश्न विचारावेत, एवढाच आजचा बेत. दोर कोणाच्या हातात आहे? वर गेलेला माणूस ‘पुरे’ म्हणाला तर ते ऐकणारं कोणी आहे का? आणि खेळ संपल्यावर मान किंवा पैसा कोणाच्या पदरात पडतो?

आधी थोडं यंत्रशास्त्र, कारण वस्तू कळल्याशिवाय तिचा इतिहास कळत नाही. विहिरीतून मोटार वर काढताना तीन पाइपांची तिपाई उभी करतात आणि तिला चेन-पुली अडकवतात, ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. तीनच पाय का? तीन बिंदू नेहमी एका पातळीत बसतात, म्हणून खडबडीत जमिनीवरही तिपाई डगमगत नाही. चार पायांचं टेबल डगमगतं. मात्र वरून वजन आलं की हे पाय बाहेर फाकू पाहतात, म्हणून खाली साखळी किंवा दोर बांधावा लागतो. आणि टांगलेलं ओझं स्थिर असेल तोवरच सगळं सोपं. ते झुलू लागलं की हिशेब बदलतो. साठ अंशांच्या कोनातून सोडलेला झोका तळाशी येतो तेव्हा दोरावर मूळ वजनाच्या दुप्पट ताण येतो. आडव्या स्थितीतून सोडला तर तिप्पट. सत्तर किलोचा माणूस क्षणभर दोनशे दहा किलोंचा होतो म्हणा ना! शिवाय झोका चौकटीला बाजूलाही ओढतो. म्हणून झुलवणारी चौकट एकतर फार जड हवी, नाहीतर जमिनीत रोवलेली हवी, नाहीतर तिला धरायला माणसं हवीत.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. खांब एका जागी असतो. माणसाला तिथे न्यावं लागतं. चौकट उचलून नेता आली की जिथे माणूस तिथे शिक्षा, जिथे गाव तिथे नवस, जिथे गर्दी तिथे खेळ. चौकटीला पाय फुटले की त्यामागच्या सत्तेलाही पाय फुटतात.

आता इतिहासाकडे वळू. श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी पेडगाव आहे, तिथला किल्ला बहादूरगड. 1689 सालच्या फेब्रुवारीत संगमेश्वरी पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना औरंगजेबाच्या या छावणीत आणलं. मोगल बखरकार त्यांच्या अवस्थेसाठी ‘तख्ता-कुलाह’ असा शब्द वापरतात. तख्ता म्हणजे फळी, कुलाह म्हणजे टोपी. मान आणि हात जखडणारी लाकडी चौकट आणि डोक्यावर घुंगरांची विदूषकी टोपी, असा त्याचा अर्थ इतिहासकार लावतात. उंटावर बसवून धिंड काढली. पुढे 11 मार्च 1689 रोजी तुळापूरला त्यांची हत्या झाली.

त्या शौर्याविषयी पुष्कळ बोललं गेलं आहे. आम्हाला इथे त्या फळीकडे लक्ष वेधायचं आहे. कैदी पळून जाऊ नये म्हणून ती फळी नव्हती. हजारोंच्या छावणीत पळणार कुठे? त्यासाठी साध्या बेड्या पुरल्या असत्या. फळी होती ती पाहणाऱ्यांसाठी. राजाचं शरीर राजाच्या ताब्यात नाही, हे हजारो डोळ्यांना दिसावं म्हणून. बांधण्याचा हा पहिला अर्थ : ज्याला बांधलं तो निमित्त, सांगायचं असतं ते बघ्यांना.

पण त्याच घटनेचा धागा पुढे कुठे जातो बघा. त्याच साली रायगड पडला, महाराणी येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू सुटले ते 1707 साली, औरंगजेब मेल्यावर. आणि औरंगजेब मेला तो इथे, आपल्या नगरात, भिंगारजवळ. सतरा-अठरा वर्षांची ही कैद. हिच्यात ना तख्ता, ना दोर. माणूस डेऱ्यात राहतो, जेवतोखातो, आणि तरी बांधलेला असतो. म्हणजे दोर दिसला म्हणून बंधन आणि दिसला नाही म्हणून मोकळीक, असा हिशेब चालत नाही. हा मुद्दा आम्ही पुढे पुन्हा घेणार आहोत.

दुसरी चौकट टिकटीची. ऑगस्ट 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे इंग्रजी अंमल आला. या इंग्रजी फौजेच्या शिस्तीचं एक जुनं साधन होतं, त्याला ते ‘ट्रँगल’ म्हणजे त्रिकोण म्हणत. जुन्या काळी सार्जंट लोकांकडे परशूसारख्या पात्याचे लांब भाले असत. त्यातले तीन जमिनीत रोवायचे, वरची टोकं एकत्र बांधायची, झाली तिपाई. शिपायाचे हात वर बांधायचे आणि पाठीवर फटके. फौज पुढे निघाली की दोर सोडायचा, भाले खांद्यावर. वेगळं ओझं नाही, वेगळा खांब नाही. आपण ज्याला उचलून नेता येणारी चौकट म्हणतो, तिचा याहून साधा नमुना सापडणं कठीण.

पुढे तीच तिपाई कायमच्या लाकडी स्वरूपात तुरुंगांत आली आणि टिकटी झाली. तिच्या कायद्याचा इतिहास मोठा बोलका आहे. गव्हर्नर जनरल बेंटिंकने 1835 साली देशी शिपायांची फटक्यांची शिक्षा बंद केली. हार्डिंजने 1845 साली ती पुन्हा आणली. गोऱ्या सैन्यात फटके 1881 साली गेले. नागरी गुन्ह्यांसाठी मात्र 1864चा फटक्यांचा कायदा आला, 1909 साली त्याची नवी आवृत्ती आली आणि तो रद्द व्हायला 1955 साल उजाडलं. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली होती, राज्यघटना लागू होऊन पाच.

टिकटीला आपले तीन प्रश्न विचारा. दोर सरकारच्या हातात. ‘पुरे’ म्हणायची सोय नाही. फटके किती ते हुकमात लिहिलेलं. थांबवू शकतो तो शेजारी उभा असलेला डॉक्टर, आणि तोही कैद्याची दया म्हणून नव्हे, तर कैदी पुढचे फटके सोसू शकेल की नाही हे ठरवायला. इथे होकाराचा प्रश्नच येत नाही, म्हणून नैतिकदृष्ट्या ही चौकट समजायला सोपी आहे. अवघड चौकटी यापुढे आहेत.

आता बगाड. वाई तालुक्यातलं बावधन सर्वांना माहीत आहे. फाल्गुन वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला, भैरवनाथाचं बगाड निघतं. होळीच्या रात्री कौल लावून यंदाचा बगाड्या ठरतो. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत लाकडी रथ बैलांनी ओढायचा. रथावर उभा खांब, खांबावर आडवं लांबलचक शीड आणि शिडाच्या टोकाला बांधलेला बगाड्या. शीड फिरतं, माणूस हवेत फिरतो, खाली ‘काशिनाथाचं चांगभलं’ म्हणत जनसागर लोटतो. चाकांवरची, फिरती, माणसाला अधांतरी धरणारी चौकट. बैल थकले की जोड्या बदलतात. 2021 साली कोरोनाची बंदी असतानाही बगाड निघालं आणि लोकांवर गुन्हे दाखल झाले, एवढी त्याची ओढ.

आज बगाड्याला दोराने आणि कापडाने बांधतात. पूर्वी पाठीच्या मांसात लोखंडी गळ खुपसत. मोल्सवर्थच्या कोशात बगाड शब्दाखाली हे यंत्र नोंदलेलं आहे. नाशिक-खानदेशाकडच्या आणि त्याला लागून असलेल्या आपल्या उत्तर भागातल्या खंडोबाच्या यात्रांत बारागाड्या ओढतात, तोही याच कुळातला नवस. आणि ही प्रथा केवळ महाराष्ट्राची नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्त बार्बोसा या पोर्तुगीजाने विजयनगरच्या राज्यातलं वर्णन केलं आहे : मनासारखा नवरा मिळावा म्हणून नवस बोललेली मुलगी, बैलांचा गाडा, गाड्यावर विहिरीतून पाणी काढायच्या यंत्रासारखा उंच दांडा आणि त्याच्या टोकाला लोखंडी आकडे. पाचशे वर्षांपूर्वीचा गाडा आणि आजचा बावधनचा गाडा यांच्या रचनेत फारसा फरक नाही.

इंग्रज सरकारची इथे मोठी पंचाईत झाली. सती बंद करणं त्यांना जमलं, कारण तिथे मृत्यू होता. बगाडात माणूस मरत नाही आणि तो आपण होऊन चढतो म्हणतो. मग अडवायचं कशाच्या आधारावर? 1850च्या दशकात विलायतेहून सूचना आल्या त्या समजावून सांगून परावृत्त करण्याच्या होत्या, जबरदस्तीच्या नव्हत्या. बंगालमध्ये 1865 साली बंदीचा हुकूम निघाला. मद्रास इलाख्यात हा वाद 1890च्या दशकापर्यंत चालला. जेफ्री ऑडी या इतिहासकाराने या सगळ्या पत्रव्यवहारावर 1995 साली एक पुस्तक लिहिलं आहे. त्यातली एक बाब आपल्याला महत्त्वाची वाटावी. कित्येक ठिकाणी नवस एकाचा आणि पाठ दुसऱ्याची, असा प्रकार होता. पैसेवाला नवस बोले. गळावर चढे तो खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला, मोबदला घेऊन. कागदोपत्री तोही ‘स्वेच्छेने’च!

आता कोणी म्हणेल, बावधनचा बगाड्या तर भाग्यवान समजला जातो, आनंदाने चढतो. अगदी खरं आहे. ते आम्ही नाकारत नाही. गावाच्या श्रद्धेची टिंगल करायला आम्ही इथे उभे नाही. पण दुसरा प्रश्न विचारून बघा. अर्ध्या वाटेत त्याला वाटलं, पुरे झालं, आता उतरवा, तर? खाली लाखभर लोक, ढोलताशे, समोर देव, मागे सगळ्या गावाचं वर्षभराचं भलंबुरं. तो म्हणू शकेल का? चढताना दिलेला होकार खरा असतो. उतरायची मोकळीक त्यात असतेच असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत आपण फार वेळा करतो.

चौथी चौकट डोंबाऱ्याची. दोन बांबू एका टोकाला आणि दोन दुसऱ्या टोकाला, मधोमध बांधून त्यांची कैची करायची. वरून दोर ताणायचा, तो दोन्हीकडे जमिनीतल्या खुंट्यांना घट्ट करायचा. दहा-पंधरा मिनिटांत रस्त्याच्या कडेला रंगमंच उभा. हातात आडवी काठी घेतलेली सात-आठ वर्षांची पोर दोरावर चालते, खाली बाप किंवा आई ढोलकं वाजवते. खेळ संपला की तेवढ्याच वेळात सगळं गाढवावर किंवा खांद्यावर. यंत्र म्हणून पाहिलं तर या सगळ्या चौकटींत ही सर्वांत हुशार आहे. सगळा भार बांबूंतून सरळ जमिनीत जातो आणि ताण खुंट्यांना मिळतो. वजन जवळजवळ काहीच नाही.

या लोकांचं आपल्या जिल्ह्यातलं मोठं पीठ म्हणजे पाथर्डी तालुक्यातली मढी. कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. गोपाळ, कैकाडी, कोल्हाटी, बेलदार, वैदू अशा किती जमाती तिथे जमतात. गाढवांचा बाजार भरतो. आणि परंपरा काय सांगते? शाहू कैदेतून सुटावेत म्हणून येसूबाईंनी कानिफनाथांना नवस केला, तो फळला आणि गडाचं बांधकाम झालं. त्या कामाला या भटक्या जमातींनी हात लावला, म्हणून त्यांचा तिथे मान. एका बंदिवानाच्या सुटकेचा नवस आणि तो फेडायला आलेली ही भटकी माणसं! इतिहासाच्या कसोटीला ही कथा किती उतरते ते अभ्यासकांनी पाहावं. लोकांनी ती जपली, हे मात्र खरं.

पण पुढे याच माणसांचं काय झालं? 1871चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 नंतर मुंबई इलाख्याला लागला. कित्येक भटक्या जमातींना हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणाच्या वसाहती. ‘विमुक्त’ हा शब्द 1952 साली त्यांच्या वाट्याला आला. आणि आतूनही बंधन होतंच. मढीच्या यात्रेत जातपंचायती भरत, वाळीत टाकण्याचे निवाडे होत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2016 साली मंजूर झाला आणि जुलै 2017 मध्ये लागू झाला.

दोरावरच्या त्या पोरीला कोणी बांधलेलं नाही. उडी मारून ती खाली येऊ शकते. पण ती उतरली तर संध्याकाळी चूल पेटत नाही. तिला विचारा, ‘बाई, तू आपखुशीने चढलीस का?’ ती ‘हो’ म्हणेल. लहान मुलाच्या त्या ‘हो’ला काय किंमत द्यायची? शाहूंच्या कैदेत दोर दिसत नव्हता, तसा इथेही दिसत नाही. जो दिसतो तो फक्त चालायचा दोर आहे.

पाचवी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आजही आपल्या भोवती आहे. 2013 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद वाचून पाहा. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोरखंडाने किंवा साखळीने बांधून मारणं, छताला टांगणं, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. कायद्यात अशी वाक्यं हवेतून येत नाहीत. कुठेतरी कोणाला टांगलेलं असतं, तेव्हाच ती लिहावी लागतात. आणि बहुतेकदा टांगायला नेणारे घरचेच असतात, मायेने नेणारे. ‘हिच्या भल्यासाठी’ हे शब्द आले की तिचा होकार विचारायचा राहूनच जातो.

आता आपण ज्या वस्तूपासून सुरुवात केली तिच्याकडे येऊ. जपानमध्ये एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868, कैद्याला दोराने बांधण्याचं एक रीतसर शास्त्र होतं, होजोजुत्सु. कोणत्या दर्जाच्या माणसाला कोणती गाठ, इथपर्यंत ते गेलेलं. विसाव्या शतकात इतो सेइउ (1882–1961) नावाच्या चित्रकाराने त्या बांधणीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं आणि त्यातून प्रौढांच्या शृंगारातली बांधण्याची एक शैली वाढली, किनबाकु. ती जगभर पसरली. प्रत्येकाच्या घरी भक्कम तुळई कुठे असणार? भाड्याच्या घरात भोक पाडायचं कुठे? म्हणून पोलादी नळ्यांच्या, सुट्या होणाऱ्या, तीन-चार पायांच्या चौकटी आल्या. गरज तीच, जी डोंबाऱ्याची होती.

गंमत बघा. दंडासाठी जन्मलेली गाठ सुखासाठी वापरली जाते. हे आवडो न आवडो, आपण फक्त आपले तीन प्रश्न विचारू. दोर जोडीदाराच्या हातात. थांबायचं कसं, याचा शब्द किंवा खूण वर जाण्याआधी ठरवायची, आणि ती येताच सोडायचं, असा या मंडळींचा दंडक. कापायची कात्री हाताशी ठेवायची. त्याला कारण आहे. दंडाभोवती दोर चुकीचा बसला तर मज्जातंतू दाबला जाऊन मनगट लुळं पडतं. पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचून काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. उंच इमारतींवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेतही हेच शिकवतात. वर सांगितलेला दुप्पट-तिप्पट ताणाचा हिशेब इथेही लागतोच.

म्हणजे आपण पाहिलेल्या सगळ्या चौकटींत ‘पुरे’ या शब्दाची आधीपासून सोय असलेली ही एकच. आणि समाज नाक मुरडतो तो नेमका हिच्याकडे. टिकटीला आपण न्याय म्हटलं, डोंबाऱ्याच्या खेळाला करमणूक म्हटलं. याचा विचार करायला नको का?

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचं तत्त्वज्ञान एकांगी होईल. बगाडाला लाखभर साक्षीदार असतात. बंद खोलीत एकही नसतो. दंडक आहे, पण तो मोडला तर पाहणारं कोणी नाही. ‘तिने हो म्हटलं होतं’ ही ढाल तिथेही पुढे येते. 1993 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ब्राउन खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की अशा प्रसंगी प्रत्यक्ष इजा झाली तर संमती हा बचाव होत नाही. आपल्याकडे मेकॉलेच्या 1860च्या दंडसंहितेचं कलम 87 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 25 : अठरा वर्षांवरचा माणूस स्वतःच्या संमतीने इजेचा धोका पत्करू शकतो, मात्र मृत्यूचा किंवा गंभीर दुखापतीचा नाही. कायद्याने दिलेलं उदाहरण तलवारबाजीच्या खेळाचं आहे. संमतीला मान आहे, पण तिलाही वई घातलेली आहे.

कायद्याच्या एक वर्ष आधी, 1859 साली, जॉन स्टुअर्ट मिलने स्वातंत्र्यावरच्या ग्रंथात एक कोडं सोडवलं. माणूस स्वतंत्र आहे, मग त्याने स्वतःला गुलाम म्हणून विकलं तर? मिल म्हणतो, नाही. स्वतंत्र न राहण्याचं स्वातंत्र्य असू शकत नाही, कारण त्या एका होकारानंतर पुढचा कुठलाच होकार-नकार उरत नाही. आमच्या मते आजच्या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. होकार हा एकदा अंगठा उठवून द्यायचा दस्तऐवज नाही. तो प्रत्येक क्षणी परत घेता आला पाहिजे. जिथे परत घेता येतो तिथे बांधलेला माणूसही स्वतंत्र असतो. जिथे येत नाही तिथे मोकळा दिसणारा माणूस बांधलेला असतो. शाहूंच्या डेऱ्यातला असो, दोरावरच्या पोरीचा असो, की आपल्या एखाद्या घरातला.

‘एखाद्या घरातला’ हे आम्ही मुद्दाम म्हणालो. लग्नात, नोकरीत, उसाच्या फडावर उचल घेताना आपण पहिल्या होकाराला किती किंमत देतो! ‘तेव्हा हो म्हणाला होतास ना?’ हे वाक्य आपल्या बोलण्यात किती सहज येतं. पेडगावची फळी आज कुठे नाही, टिकटीही गेली. राहिलं आहे ते हे वाक्य. ज्याच्या तोंडी ते येतं, दोर बहुतेकदा त्याच्याच हातात असतो.

मंडळी, वेळ संपत आली. प्रश्न असतील तर जरूर विचारा. विषयाचा संकोच धरू नका.